"मॅडम, हे कोणी फोडलं?" : भग्न मंदिर मुलांना कसं दाखवायचं



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांमध्ये सहलीची कुजबुज सुरू होते. आपल्या मुकुंदवाडी परिसरातल्या शाळांना वेरूळ जवळ. सकाळी बस निघाली की पहिला तास भरायच्या वेळेला आपण लेण्यांपाशी. मुलांना रांगेत उभं करून आत नेलं की पाच-दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, या मूर्तीचा हात कुठे गेला? हे कोणी फोडलं?"

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र आपण घाईत देतो. आपली नेहमीची उत्तरं तीन. पहिलं, "खूप जुनं आहे ना बाळा, म्हणून तुटलं." दुसरं, "शत्रूंनी फोडलं." तिसरं, "चला पुढे, रांग मोडू नका." पहिलं उत्तर अर्धवट आहे. जुनं असूनही शाबूत राहिलेल्या मूर्ती त्याच लेण्यात शेजारी उभ्या असतात. दुसरं उत्तर काही ठिकाणी खरं असतं, काही ठिकाणी नसतं, आणि समोरच्या मूर्तीच्या बाबतीत ते खरं आहे की नाही हे आपण तपासलेलं नसतं. तिसऱ्या उत्तराने तर प्रश्नच मरतो.

आपल्या शहरात हा प्रश्न जास्त जपून हाताळावा लागतो. इथे दरवाजे, किल्ला, मकबरा, लेणी सगळं हाकेच्या अंतरावर आहे आणि त्या प्रत्येकाबद्दल मोबाइलवर काही ना काही फिरत असतं. मुलं ते बघून शाळेत येतात. आपल्या वर्गात सगळ्या प्रकारच्या घरांतली मुलं एकाच बाकावर बसतात. आपण न तपासता "अमुक लोकांनी फोडलं" असं म्हणून मोकळे झालो, तर एखादं मूल मान खाली घालतं आणि मागच्या बाकावरचं दुसरं त्याच्याकडे बघतं. दहा वर्षांच्या मुलाने हजार वर्षांपूर्वीच्या तुटलेल्या हाताचा हिशेब का द्यायचा? दुसऱ्या बाजूने, "असं काही झालंच नाही" असं सांगणंही खोटं. मग करायचं काय?

माझ्या अनुभवाने यावर एक रस्ता आहे. मुलांना उत्तर देण्याआधी पुरावा बघायला शिकवायचं, आणि ते शिकवायची सुरुवात घरापासून लांब करायची. जिथे "आपले" आणि "त्यांचे" असं काही नाही, अशा लांबच्या भग्न मंदिरांवर मुलं शांत डोक्याने विचार करतात. तिथे सवय लागली की मग घारापुरी, आणि शेवटी आपलं वेरूळ. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी हा पाठ चार टप्प्यांत कसा घ्यायचा, ते खाली देत आहे.

टप्पा पहिला : साबण आणि विटा

सहलीच्या आधी एक तास वर्गात घ्या. साहित्य अगदी घरगुती. अंगाच्या साबणाच्या दोन वड्या, आईस्क्रीमच्या काड्या, लाकडी ठोकळे किंवा काड्यापेट्या, एक थाळी आणि पाणी.

एका गटाने ठोकळे रचून मंदिर करायचं. खांब, वर आडवा ठोकळा, त्यावर छप्पर. दुसऱ्या गटाने काडीने साबण कोरून छोटा हत्ती करायचा. सोंड, पाय, कान, जमेल तसं. मग बाक हलवायचा. रचलेलं मंदिर धाडकन कोसळतं. साबणाच्या हत्तीला काही होत नाही. आता हत्तीला बोटाने हलकेच ठोसा मारायचा. आधी काय तुटतं? सोंड! मग कान. पोट तसंच राहतं. शेवटी दुसरी वडी थाळीत थोड्या पाण्यात उभी करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायची. वरचा भाग चांगला, खालचा भाग झिजलेला.

एवढ्या खेळात मुलांना तीन गोष्टी न सांगता कळतात.

१. रचलेली इमारत आणि कोरलेली इमारत वेगवेगळ्या पद्धतीने मोडतात. रचलेली कोसळते, कोरलेली झडते.
२. जे बाहेर आलेलं असतं ते आधी जातं. नाक, हात, सोंड, हातातलं शस्त्र.
३. पाणी खालून काम करतं.

फळ्यावर ही तीन वाक्यं लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या टप्प्यांत ती लागणार आहेत.

टप्पा दुसरा : सिसिली बेटावरची ग्रीक मंदिरं

आता नकाशा काढा. युरोपच्या दक्षिणेला भूमध्य समुद्र, त्यात बुटाच्या आकाराचा इटली देश, आणि बुटाच्या टोकापाशी चेंडूसारखं दिसणारं सिसिली बेट. इ.स.पूर्व आठव्या शतकापासून ग्रीक लोकांनी तिथे येऊन वसाहती केल्या, शहरं वसवली आणि दगडाची मोठमोठी मंदिरं बांधली. ही मंदिरं रचलेली. दगडाचे गोल तुकडे एकावर एक ठेवून खांब, खांबांवर आडवे दगड, वर लाकूड आणि कौलांचं छप्पर.

कोणी म्हणेल, मुकुंदवाडीच्या मुलांना सिसिली कशाला? एक कारण वर सांगितलंच. दुसरं कारण असं की ग्रीक हा शब्द आपल्या भागाला परका नाही. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात आपल्या पैठणचं नाव आहे आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचंही, 'तगर' म्हणून. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेर त्याच्या पुढे पूर्वेला दहा दिवसांवर, असं त्यात लिहिलंय. कार्ले आणि नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे 'यवन' भेटतात. सहावीच्या इतिहासात सातवाहन शिकवताना हे सांगितलं तर मुलांचे डोळे मोठे होतात. आपल्या पैठणचा माल ज्या समुद्रापर्यंत पोचायचा, त्याच समुद्रातलं हे बेट.

सिसिलीतल्या पाच मंदिरांची चित्रं मोबाइलवर किंवा प्रिंट काढून मुलांना दाखवा. पाचही जुनी, साधारण इ.स.पूर्व पाचव्या शतकातली. पण प्रत्येकाची गत वेगळी. आधी चित्र दाखवायचं, मुलांना अंदाज करू द्यायचा आणि मगच माहिती सांगायची.

सेजेस्टा : सगळे खांब उभे, पण छप्पर नाही आणि आत गाभारा नाही. मुलं म्हणतात, "छप्पर पडलं." मग जवळून घेतलेलं चित्र दाखवा. खांबांवर ग्रीक मंदिरांत असतात तशा उभ्या पन्हळ्या नाहीत. पायऱ्यांच्या दगडांवर उचलण्यासाठी ठेवलेले उंचवटे अजून तसेच आहेत. काम संपल्यावर ते तासून टाकायचे असतात. म्हणजे हे मंदिर कोणी मोडलं नाही, ते कधी पूर्णच झालं नाही!

सेलिनुंटे : खांब आडवे पडलेत. गोल तुकडे ओळीने, रुपयांची चळत आडवी झाल्यासारखे. दगड तिथेच आहेत, कोणी नेले नाहीत. या शहरावर इ.स.पूर्व ४०९ मध्ये कार्थेजच्या सैन्याने हल्ला केला आणि शहर उद्ध्वस्त झालं. हे सांगितलं की मुलं लगेच म्हणतात, "मग सैन्यानेच मंदिर पाडलं." थांबवा त्यांना. खांब असे एका दिशेने पडलेले कशामुळे? आपला बाक आठवा. अभ्यासक ही पडझड नंतरच्या भूकंपाची मानतात. युद्ध खरं, भूकंपही खरा. पण कोणत्या खुणेचं कारण कोणतं, ते वेगळं तपासावं लागतं. यातलं एक मंदिर १९५० च्या दशकात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभं केलं. असं करावं की पडलेलं तसंच ठेवावं? यावर वर्गात छान वाद होतो.

अग्रिजेंतो, झ्यूसचं मंदिर : प्रचंड मोठं व्हायचं होतं, तेही अपुरंच राहिलं. आज तिथे मुख्यतः ढिगारा आहे आणि ढिगाऱ्यातले बरेच दगडही गायब आहेत. कुठे गेले? अठराव्या शतकात जवळच्या बंदराचा धक्का बांधायला नेले. नेणाऱ्यांना कोणाचा राग नव्हता. तयार घडवलेला दगड जवळच मिळत होता. आपल्याकडे पडक्या गढीचे दगड घराच्या जोत्यात सापडतात, तसंच हे.

अग्रिजेंतो, काँकॉर्डिया मंदिर : चौतीसच्या चौतीस खांब उभे. एवढं चांगलं कसं राहिलं? सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं चर्च झालं. भिंतीत कमानी पाडल्या, आतली रचना बदलली. पण वापर चालू राहिला, म्हणून देखभाल होत राहिली.

सिराक्यूज : इथे तर अथेनाच्या मंदिराचे खांब आजच्या मोठ्या चर्चच्या भिंतीत दिसतात. भिंतीतून खांब अर्धे बाहेर डोकावतात.

आता फळ्यावर मुलांकडूनच यादी करून घ्या. मंदिर भग्न का होतं? अपुरं राहतं. निसर्ग पाडतो. माणूस मुद्दाम फोडतो. माणूस दगड घेऊन जातो. वापर बदलतो. आणि एकाच मंदिरात यातली दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात. ही यादी मुलांनी सिसिलीवरून काढलेली असते. त्यात कोणाचं नाव नसतं, कोणाची जात नसते, कोणाचा धर्म नसतो. म्हणून ती स्वच्छ असते आणि पुढे उपयोगी पडते.

टप्पा तिसरा : घारापुरी, आपलं बेट

सिसिलीवरून थेट आपल्या बेटावर या. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने साधारण तासाभरात घारापुरी. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही इथली गावं. लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना! मुलांना हेही सांगा. लेणी म्हणजे फक्त मूर्ती नव्हेत, शेजारी माणसं राहतात.

इथली मुख्य शिवलेणी साधारण सहाव्या शतकाच्या मध्यातली मानतात. १९८७ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. डोंगराच्या काळ्या दगडात कोरलेलं हे मंदिर. मोठा खांबांचा मंडप, चार दरवाजांचा चौकोनी गाभारा, त्याच्या प्रत्येक दाराशी उंच द्वारपाल, आणि भिंतींवर शिवाच्या कथांचे मोठे देखावे. नटराज, अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीचं लग्न, अंधकासुराचा वध, कैलास हलवणारा रावण. दक्षिणेच्या भिंतीत सुमारे साडेपाच मीटर उंचीची तीन मुखांची शिवमूर्ती. तिला बरेच जण त्रिमूर्ती म्हणतात, म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश. पण अभ्यासकांच्या मते तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. एक उग्र, एक शांत, एक कोमल.

आता मूळ प्रश्न. हे कोणी फोडलं?

चित्रं दाखवून मुलांना आधी फक्त बघायला लावा. नटराजाचे हात आणि पाय गेलेत. द्वारपालांचे पाय गेलेत. रावणाच्या देखाव्याचं खूप नुकसान झालंय. पण तीन मुखांची ती मोठी मूर्ती बरीचशी शाबूत आहे. असं का? मुलांना साबण आठवतो. बाहेर आलेलं आधी जातं, आणि खालचं आधी झिजतं. मोठी मूर्ती सुमारे ३ मीटर खोल कोनाड्यात आहे आणि तिला बाहेर आलेले लांब हातपाय नाहीत. फक्त छाती आणि मुखं.

मग जुन्या नोंदी सांगा. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. आपण १५३४ मध्ये हे लेणं पाहिलं तेव्हा ते फार देखणं होतं, आता मात्र आत गुरं शिरून त्याची नासधूस झाली आहे, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. गुरं! मुलं खो खो हसतात, पण लगेच पटतंही त्यांना. सावली, पाण्याची सोय आणि अंग घासायला खांब. गुरांना आणखी काय पाहिजे?

नंतर पोर्तुगीज सैनिकांनी इथे मोडतोड केली, मूर्तींवर बंदुकीचा नेम धरून सराव केला, असंही परंपरेने सांगितलं जातं. डोंगरातून पाझरणारं पाणी आणि समुद्राची खारी हवा तर चौदाशे वर्षं काम करतेच आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस या अभ्यासकाने खांब मोजले, तेव्हा २६ सुट्या खांबांपैकी ८ नष्ट झालेले होते. तरी छत कोसळलं नाही. का? इथे छत म्हणजे रचलेला दगड नव्हे, डोंगरच आहे. सिसिलीत खांब गेला की वरचं सगळं खाली. इथे खांब गेला तरी डोंगर लगेच खाली येत नाही. मोडलेले अनेक खांब पुढे दुरुस्त केले गेले. नवा खांब कोणता आणि जुना कोणता हे मुलांनी रंगावरून आणि घडणीवरून ओळखायचं. हा खेळ सहलीत फार रंगतो.

म्हणजे एकाच लेण्याला गुरं, माणसं आणि पाणी असे तीन-तीन 'आरोपी'. मुलांना सांगा, एकाच आरोपीवर सगळे गुन्हे टाकून खटला संपवायचा नाही. कोणती खूण कोणाची, ते बघायचं.

बेटाच्या आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, हत्तीची. पोर्तुगीजांना या बेटावर दगडाचा मोठा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं आणि त्यावरून 'एलिफंटा' झालं. १८६४ मध्ये हा हत्ती इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. आज तो भायखळ्याला जिजामाता उद्यानाशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. फोडायचा हेतू नव्हता, न्यायचा होता. पण हत्ती फुटलाच. आपल्या यादीतलं 'माणूस घेऊन जातो' हे कारण मुलांना इथे पुन्हा सापडतं.

दुसरी गोष्ट शिलालेखाची. लेण्याच्या दारावर एक कोरीव लेखाचा दगड होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला आणि पुढे तो हरवला. त्यामुळे हे लेणं कोणी कोरवलं हे आज लेखावरून सांगता येत नाही. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, त्यावरून बरेच अभ्यासक कलचुरींचं नाव घेतात. मूर्तीचा हात तुटला तर मूर्ती अपुरी होते. लेख हरवला तर आठवणच अपुरी होते. एवढं वाक्य मुलांना वहीत लिहायला द्या आणि त्याचा अर्थ त्यांनाच विचारा.

हो, आणि भूमध्य समुद्राची आठवण इथेही आहे. घारापुरीच्या किनाऱ्यावर रोमन काळातल्या मद्याच्या मातीच्या सुरयांचे तुकडे सापडलेत. सिसिलीच्या बाजूचा माल या बेटापर्यंत येत होता. हे तुकडेही फुटकेच, पण केवढं सांगून जातात!

टप्पा चौथा : वेरूळचं एकोणतीस नंबरचं लेणं

सगळ्या शाळांना मुंबईची सहल परवडत नाही. लहान मुलांना लाँचमधून नेणं ही जबाबदारीही मोठी. पण आपलं नशीब असं की घारापुरीचा जुळा भाऊ म्हणावा असं लेणं आपल्याच जिल्ह्यात आहे. वेरूळचं २९ नंबर, धुमार लेणं. सीतेची नहाणी म्हणतात त्या धबधब्याशेजारी. दोन्ही लेण्यांची आखणी इतकी सारखी आहे की अभ्यासक ती कायम जोडीने अभ्यासतात. तोच मोठा मंडप, तोच चार दारांचा गाभारा, तेच द्वारपाल. रावण आणि कैलास, शिवपार्वतीचं लग्न, सारीपाटाचा खेळ, नटराज, हे देखावेही. शिवाय पायऱ्यांशी बसलेले सिंह, हे मुलांचं खास आवडतं.

सहसा आपली सहल १६ नंबरच्या कैलासापाशी संपते आणि मुलं थकली म्हणून आपण परत फिरतो. माझी विनंती आहे की थोडा वेळ राखून २९ नंबर जरूर दाखवा. तिथे गर्दी कमी असते आणि मुलांना शांतपणे बसून बघता येतं.

नियोजनाच्या सूचना :

• वेरूळ मंगळवारी बंद असतं, घारापुरी सोमवारी. सहलीची तारीख ठरवताना हे आधी बघा.
• १५ वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये प्रवेश मोफत असतो. शाळेचं पत्र आणि ओळखपत्रं सोबत ठेवा.
• पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि एक छोटी बॅटरी घ्या. आतल्या मूर्ती अंधारात असतात.
• पावसाळ्यात धबधब्याजवळ वाट निसरडी असते. तेव्हा लहान वर्ग नेऊ नका.
• एका मोठ्या माणसामागे दहा-बारापेक्षा जास्त मुलं नकोत.

लेण्यात गेल्यावर पहिली दहा मिनिटं काही सांगायचं नाही. मुलांनी एक मूर्ती निवडायची, समोर बसायचं आणि वहीत तीन रकाने आखायचे. 'काय दिसतं', 'काय वाटतं', 'कशावरून'. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "हात फोडला" असं लिहिलं तर विचारायचं, कशावरून? बघण्यासाठी हे प्रश्न द्या :

१. मोडलेला भाग बाहेर आलेला होता का?
२. तो माणसाच्या हाताला पोचेल अशा उंचीवर आहे का, की फार वर?
३. मोडलेली कड धारदार आहे की झिजून गुळगुळीत झाली आहे?
४. तुटलेला तुकडा जवळपास आहे का?
५. ओल, पांढरे डाग, शेवाळ दिसतं का?
६. छिन्नीचे घाव दिसतात का? ते मूळ कोरणाऱ्याचे की नंतरचे?
७. फक्त चेहरेच गेलेत, की सगळंच थोडं थोडं झडलंय?

शेवटी मूर्तीचं चित्र काढायचं. आहे तो भाग ठळक रेषेने आणि नसलेला भाग तुटक रेषेने. तुटक रेषेने काढताना मुलाला थांबून विचार करावा लागतो. हात वर होता की खाली? हातात काय असेल? शेजारच्या मूर्तीकडे बघून ते अंदाज करतं. अंदाज आणि पुरावा यांतला फरक इतका सोपा करून दुसरा कोणता पाठ शिकवत असेल असं मला वाटत नाही.

मुद्दाम फोडलेलं असेल तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. इतिहासात मंदिरं मुद्दाम फोडली गेली आहेत, जगभर आणि आपल्याकडेही. आपल्या जवळचंच उदाहरण देवगिरी किल्ल्याचं. तिथे आज जे भारतमाता मंदिर आहे, ती इमारत चौदाव्या शतकात मशीद म्हणून उभी राहिली, आणि तिच्यातले बरेच खांब आधीच्या मंदिरांचे आहेत. खांबांवरचं कोरीव काम मुलांना स्वतःलाच दिसतं. ते झाकू नका. "मॅडम, हे मंदिराचे खांब आहेत का?" असं विचारलं तर "हो" म्हणायचं. सिराक्यूजच्या भिंतीतले खांब आठवायला सांगायचे. एकाच इमारतीची पूजा कशी बदलत गेली, ते क्रमाने सांगायचं. कोणत्या शतकात, कोणत्या राजवटीत, हे नेमकं सांगायचं.

फक्त एक पथ्य पाळायचं. ज्यांनी केलं त्या राजाचं, त्या राजवटीचं नाव घ्यायचं. 'त्या लोकांनी' असं म्हणायचं नाही. 'त्या लोकांनी' म्हटलं की सहाशे-सातशे वर्षांचं अंतर एका क्षणात गळून पडतं आणि बोट वर्गातल्या मुलाकडे वळतं. घारापुरीला पोर्तुगीजांचं नाव येतं, म्हणून आपण गोव्याच्या आजच्या ख्रिस्ती मुलाला जाब विचारत नाही. तोच न्याय सगळीकडे. मुलांना हे फार लवकर कळतं. मोठ्यांनाच वेळ लागतो.

आणि यादीतलं शेवटचं कारण : आपण

यादी पूर्ण करायला एक कारण अजून राहिलंय. लेण्याच्या भिंतीवर बदामात कोरलेली नावं कोणाची? ती कोणत्या आक्रमकाने कोरली? खडूने लिहिलेलं, खिळ्याने ओरखडलेलं, मूर्तीच्या पायाला हात लावून लावून काळं-तुकतुकीत केलेलं, हे सगळं आपल्याच काळातलं. सहलीत मुलांना अशी नावं मोजायला सांगा. आकडा ऐकून वर्ग गप्प होतो. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही सांगा. पण धाकापेक्षा मोजणी जास्त काम करते. ज्या मुलाने स्वतः नावं मोजली, ते मूल भिंतीवर खिळा लावायला धजत नाही.

पालकांसाठी दोन शब्द. सहलीहून आल्यावर मूल तुम्हाला "आम्ही रावण बघितला, त्याचे हात तुटलेत" असं सांगेल. लगेच कोणी तोडले ते सांगू नका. "कशावरून तुटले असतील?" एवढंच विचारा आणि त्याची वही बघा. मोबाइलवर एखादा व्हिडिओ आला की तोच प्रश्न मुलासोबत त्या व्हिडिओला विचारा. कशावरून? सांगणाऱ्याकडे शिलालेख आहे का, जुनी नोंद आहे का, दगडावरची खूण आहे का? नसेल तर व्हिडिओ तिथेच सोडून द्यायचा, पुढे पाठवायचा नाही.

या पाठाचं मूल्यमापन करायला वेगळी चाचणी नको. पंधरा दिवसांनी शाळेच्या आवारातलीच एखादी मोडकी गोष्ट दाखवा. पडकी कंपाउंड भिंत, तुटलेला नळ, वाकलेली घसरगुंडी. विचारा, "हे कसं मोडलं?" जे मूल आधी जवळ जाऊन वाकून बघेल आणि मग बोलेल, त्याला हा पाठ आला असं समजा.